दोन डिपर

“पांढरा की पिवळा?” दुकानदारानं आधी कन्नडमधून विचारलं, मग हिंदीतून. सगुणा दोन्ही वेळा गप्प राहिली तेव्हा त्यानं काउंटरवर दोन डबे शेजारी शेजारी ठेवले आणि बोटानं दाखवलं.

तिला कन्नड येत नव्हतं अशातला भाग नाही. निपाणीजवळच्या खेड्यातून येऊन बेंगळुरात तीस वर्षं काढलेल्या बाईचं कन्नडवाचून भागेल कसं? पण गाडीच्या दिव्यांतही आवडनिवड असते, हे तिला सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच कळत होतं. जे. सी. रोडवरच्या त्या चिंचोळ्या दुकानात भिंतभर नुसते बल्बचे डबे होते. बाकीची गिऱ्हाइकं सगळी पुरुष, आणि मुलीला स्थळ बघायला निघाल्यासारखी प्रत्येक बल्बाची खोदून खोदून चौकशी करत होती.

“मला रस्ता दिसला पाहिजे,” ती शेवटी कन्नडमधून म्हणाली. “बाकी मला काही कळत नाही.”

मग पांढराच घ्या, भर दिवसासारखं दिसेल, असं दुकानदारानं सांगितलं. त्याच्या माणसानं रस्त्याच्या कडेलाच बॉनेट उघडून जुने दोन बल्ब काढले, नवे दोन बसवले आणि दहा मिनिटांत बॉनेट धाडकन लावून टाकलं. दुपारच्या उन्हात त्यानं एकदा दिवे लावून दाखवले. दोन्ही लागले, म्हणजे काम झालं. अर्ध्या दिवसाचीच रजा होती; ती तिथूनच कामावर गेली.

खरं तर ती नागराजकडेच जायची. बनशंकरीत तिच्या घरामागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं, आणि तिचा नवरा ज्योतिबा होता तोवर या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. पण नागराज मुलीच्या बाळंतपणासाठी म्हैसूरला गेलेला, आणि तिला थांबायची सोय नव्हती. आदल्याच आठवड्यात कामावरून परत येताना तिला रस्त्यावरचा हंप, म्हणजे गतिरोधक, दिसला नव्हता. त्या रस्त्यावर हंपांना पांढरे पट्टे मारायची पद्धत नाही. गाडी आपटली की हंप होता असं समजायचं. पण त्या दिवशी हंपाच्या पलीकडे दोन हातांवर एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता, आणि गाडी आपटून बंद पडली तेव्हाच तो तिला दिसला. म्हातारा सायकल ढकलत निघून गेला. तिनं मात्र घरी पोचेपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.

कनकपुरा रस्त्याच्या आत एका वृद्धाश्रमात ती आयाचं काम करी. सकाळी दहाला जायचं, संध्याकाळी साडेसहाला निघायचं. आतला पाचेक किलोमीटरचा रस्ता दिव्यांवाचूनचा, आणि बस स्वतःच्या मर्जीनं येणारी. गाडी नसती तर नोकरी टिकली नसती, आणि नोकरी नसती तर बेंगळुरात राहायला कारण उरलं नसतं. निदान विराजचं म्हणणं तसं होतं. विराज तिचा एकुलता एक मुलगा, पुण्याला नोकरीत. दर रविवारी त्याचा फोन येई आणि दर रविवारी तो तेच सांगे, की गाडी विक, घर भाड्यानं दे आणि इकडे ये. पोरगा वाईट नव्हता. त्यानं तिच्यासाठी खोली रिकामी ठेवली होती, नवा पलंग घेतला होता, पलंगाचा फोटोसुद्धा पाठवला होता.

“तिथं कोण आहे तुझं, आई?” तो विचारी, आणि ती जेवलास का म्हणून विषय बदली.

ज्योतिबाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. दिवसभर आश्रमात ती कन्नड बोले. घरी मराठी बोलायला कुणी नव्हतं. एखाद्या संध्याकाळी दूध उतू गेलं की तिच्या तोंडून “अगं बाई गं” निघे, आणि त्या दिवसाचं मराठी तेवढंच. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो म्हणून ती मग भांडी जरा जास्त वाजवत घासायची.

ज्योतिबानं सत्तावीस वर्षं टूरिस्ट गाडी चालवली. बेंगळूर ते निपाणी, निपाणी ते बेंगळूर. त्याच्यासारखे तिकडचे तीस-चाळीस ड्रायव्हर तेव्हा इथं होते, आणि त्यांची आपसात एक रीत होती. हायवेवर समोरून आपल्यातली गाडी आली की दोन डिपर द्यायचे. दिवे दोनदा वरखाली करायचे, मध्ये जरा उसंत ठेवायची. याचा अर्थ रामराम. एकच लांब डिपर दिला तर पुढं पोलीस उभे आहेत. गावाकडे जाताना सगुणा शेजारी बसलेली असली की समोरचे दिवे असे लवायचे आणि ज्योतिबा म्हणायचा, हा निपाणीचा, हा संकेश्वरचा, याच्या पोरीचं गेल्या महिन्यात लग्न झालं. तिला कधी कुणाचं तोंड दिसलं नाही. पण एवढ्या मोठ्या अंधारात आपल्या माणसाला ओळखणारं कुणीतरी आहे, याचं तिला फार अप्रूप वाटे. ज्योतिबाची गाडी सगळ्यांना ठाऊक, कारण पुढच्या काचेवर वरच्या बाजूला मोठ्या पिवळ्या अक्षरांत ‘चांगभलं’ लिहिलेलं असे. धंदा सोडून ही लहान गाडी घेतली तेव्हाही त्यानं आधी काचेवर चांगभलं लिहून घेतलं आणि मग पेट्रोल भरलं.

पन्नाशी उलटल्यावर त्यानंच तिला एका रिकाम्या लेआउटमध्ये, नुसते प्लॉट पाडलेल्या माळावर, गाडी शिकवली होती. मी थकलो की तू मला गावाला न्यायचं, म्हणायचा. थकायची वाट न बघताच तो गेला. तेराव्याला त्याच्या गाड्यांच्या स्टँडवरचे बारा ड्रायव्हर जेवून गेले, काही लागलं तर सांगा वैनी म्हणाले, आणि त्यानंतर कुणाचा फोन आला नाही. तिनं कुणाला दोष दिला नाही. पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

नवे बल्ब बसवले त्या संध्याकाळी ती आश्रमाच्या फाटकातून बाहेर पडली आणि तिनं दिवे लावले. दुकानदार खोटं बोलला नव्हता. रस्त्यावरचे खडे दिसले, कडेच्या निलगिरीचे बुंधे दिसले, चार हंप तर लांबूनच दिसले. ती एकटीच हसली. इतके दिवस आपण चाचपडत जात होतो याचं तिला आता नवल वाटायला लागलं.

पहिल्याच वळणानंतर समोरून एक गाडी आली आणि तिनं दोन डिपर दिले.

सगुणाचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. समोरची गाडी केव्हाच निघून गेली होती. चुकून दिले असतील, असं ती मनाशी म्हणतेय तोवर दुसरी गाडी आली. पुन्हा दोन. मग एक लॉरी आली, तिचेही दोन. मुख्य रस्त्याला लागेपर्यंत तिला सहा गाड्यांनी डिपर दिले होते, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. ज्योतिबाची गाडी लोक विसरले नव्हते. इतके दिवस या मिणमिणत्या दिव्यांमुळे कुणाला ती नीट दिसलीच नसेल, एवढंच. तिनं गाडी बाजूला घेतली, पदरानं डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाली, “बगा की हो, सगळी इचारालेत तुमास्नी.” त्या दिवशी दूध उतू न जाताही ती मराठी बोलली.

दुसऱ्या दिवशी अकरा गाड्यांनी डिपर दिले, तिसऱ्या दिवशी चौदा. ती आता उलट डिपर द्यायला लागली. ज्योतिबा देई तसेच, दोन, मध्ये उसंत ठेवून. कुणी तीनदा द्यायचा, तो जरा जास्त जिव्हाळ्याचा. कुणी वर हॉर्नही वाजवायचा. एका माणसानं तर खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून हलवला, आणि तिनंही काच खाली करून हात हलवला. आपण ज्योतिबाची बायको आहोत हे लोकांना कळावं म्हणून ती गाडीतला आतला दिवासुद्धा लावून ठेवायला लागली. आश्रमात तिच्याबरोबर काम करणाऱ्या भव्यानं एकदा विचारलं, अक्का, हल्ली तुम्ही निघताना केस विंचरता, कुठं लग्नाला जाता काय? सगुणा नुसती लाजली.

त्या रविवारी विराजचा फोन आला तेव्हा ती तयारीत होती. तिथं कोण आहे तुझं, हा प्रश्न आला, आणि या वेळी तिनं उत्तर दिलं. “हाईत की. तुझ्या बाची माणसं हाईत. रोज वाटंत भेटत्यात, रामराम करत्यात.”

 विराज म्हणाला, तसं असेल तर चांगलंच आहे. पलंगाचा विषय त्यानं काढला नाही. फोन ठेवल्यावर सगुणानं स्वतःसाठी शिरा केला. गेल्या दीड वर्षात तिनं एकटीसाठी म्हणून काही गोड केलं नव्हतं.

असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी, दुसऱ्या हंपापाशी, समोरून पाण्याच्या कॅनचा एक टेम्पो आला. त्यानं दोन डिपर दिले. तिनं उलट दोन दिले. त्यानं पुन्हा दिले, तिनंही पुन्हा दिले. तेव्हा टेम्पो रस्त्याच्या मधोमध आडवा थांबला आणि त्यातून एक माणूस उतरला. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तो तिच्या गाडीकडे चालत आला. कन्नडमधून तो काय बोलत होता ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगुणाला ते नीट ऐकू आलं नाही हे बरंच झालं. ती आपली पदर सारखा करून, काच खाली करून, हसऱ्या चेहऱ्यानं बसली होती.

तो दिव्यांच्या मागं आला, दाराशी आला, आणि काचेवरची अक्षरं बघून बोलता बोलता थांबला.

“चांगभलं?” तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे वाकून बघितलं. “ही ज्योतिबाअण्णांची गाडी न्हवं?”

“व्हय की,” सगुणा म्हणाली. आतल्या दिव्यात आपण नीट दिसावं म्हणून ती पुढं सरकली.

त्याचं नाव अप्पासाहेब, गाव चिक्कोडीजवळचं. पूर्वी ज्योतिबाच्याच स्टँडवर असायचा. तो एकदम ओशाळला. तोंडातल्या तोंडात माफी मागायला लागला, की तुम्ही आहात हे ठाऊक असतं तर असं बोललो नसतो. सगुणाला कळेना की हा कशाबद्दल माफी मागतोय.

“रोज डिपर देताय की तुमी,” ती म्हणाली. “मी बी देते.”

“दिवं खाली घ्या म्हणून देतोय, वैनी. तीन आठवडं झालं, डोळ्यावर अंधारी येतीया. आमी खाली घ्या म्हणतोय तर तुमी उलट फुल्ल मारताय. म्हटलं हे कोण माजल्यालं.”

तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं. मग अगदी हळू विचारलं, “गाडी वळकून न्हवं? रामराम म्हणून?”

अप्पासाहेबाला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून त्यानं ते आवरलं. “गाडी कुठं दिसतीया? नुसता पांढरा लोळ येतोय समोरनं. आत कोण हाय, काच हाय का न्हाई, कायसुदिक दिसत न्हाई. आन ते रामरामाचं आता कोण करतंय, वैनी? स्टँड मोडला. सगळी ॲपवर गेली. कोण कुणाला वळकत न्हाई.”

मागं दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि हॉर्न वाजवत होत्या. अप्पासाहेब जायला वळला, आणि जाता जाता, रीत म्हणून, त्यानं अण्णा कसे आहेत म्हणून विचारलं.

“गेले,” सगुणा म्हणाली. “दीड वर्ष झालं.”

तो जागच्या जागी थांबला. मागचे हॉर्न चालूच होते. कळलं नाही बघा, एवढंच तो दोनदा म्हणाला. मग हात जोडून टेम्पोकडे पळाला आणि टेम्पो सरळ करून निघून गेला. त्यानं तिचा नंबर घेतला नाही, तिनंही मागितला नाही.

त्या दिवशी मुख्य रस्त्याला लागेपर्यंत तिला नऊ गाड्यांनी डिपर दिले. ती कुणालाच उलट देऊ शकली नाही. प्रत्येक वेळी ती मान खाली घालत होती आणि गाडी आणखी हळू चालवत होती. आतला दिवा बंद करायला हवा, हेही तिला घर आल्यावरच आठवलं. तीन आठवडे आपण हसत होतो आणि ही माणसं आपल्याला शिव्या घालत होती. खिडकीतून हात काढणारा तो माणूस तिला आठवला. त्याला आपण उलट हात हलवला होता. ज्योतिबा असता तर पोट धरून हसला असता. पण तो असता तर हे झालंच नसतं. रात्री ती जेवली नाही.

नागराज म्हैसूरहून परत आला होता. शुक्रवारी रजा घेऊन सगुणानं सकाळीच गाडी त्याच्याकडे नेली. त्यानं दिवे लावून बघितले आणि कपाळाला हात लावला. नागराजरावाच्या मूळच्या मराठी घराण्याला बेंगळुरात येऊन दहा-बारा पिढ्या झाल्या; त्याचं मराठी कन्नडच्या चालीवर चालायचं.

“काय अक्का, हे बसवून घेतलं? मला स्वल्प विचारायचं तरी. ह्या गाडीच्या दिव्याच्या घरात हा बल्ब बसत नाही. उजेड कसापण फाकतो, सगळा समोरच्याच्या डोळ्यात जातो. डीम केलं तरी तसंच.”

“मग मला दिसायचं कसं?” सगुणा म्हणाली.

जुन्या बल्बांत खोट नव्हतीच, त्यानं सांगितलं. दिव्याची काच पिवळी पडली होती. बारीक पॉलिश पेपरनं, पाणी मारत मारत, त्यानं दोन्ही काचा तासभर घासल्या. मग कंपनीचे असतात तसले साधे पिवळे बल्ब नवे आणून बसवले. संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर, त्यानं गाडी गॅरेजच्या मागच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली, दिव्यांच्या उंचीवर भिंतीवर खडूची आडवी रेघ मारली, आणि सगुणाला गाडीत बसवलं, कारण चालवणाऱ्याच्या वजनानं गाडी जेवढी दबते तेवढी दबूनच दिवे लावायचे असतात. तो पुढं वाकून स्क्रू फिरवत होता. भिंतीवरचे दोन उजेड हळूहळू खाली आले आणि रेघेच्या चार बोटं खाली येऊन थांबले.

“सरी? बरोबर आहे?” नागराजनं विचारलं.

“सरी,” ती म्हणाली.

रविवारी फोन आला तेव्हा विराज खुशीत होता. बाबांच्या माणसांना एकदा भेटायचंय म्हणाला. पुढच्या वेळी आलो की त्यातल्या दोघा-तिघांना जेवायला बोलव, मला आवडेल. सगुणाला हो म्हणता आलं असतं. पोराचा जीवही निवांत झाला असता. पण तिची जीभ रेटेना.

“कोण न्हाई रे,” ती म्हणाली. “माझी समजूत चुकली हुती. हितं मला कोण वळकत न्हाई.”

विराजचा आवाज बदलला. तो मायेनंच बोलला, पण पलंग पुन्हा आला, खोली आली, त्याची बायको श्वेताही आठवण काढते हे आलं. गाडीला गिऱ्हाईक बघू का, असं त्यानं विचारलं. सगुणानं सगळं ऐकून घेतलं. आत कुकरची शिट्टी झाली तरी ती उठली नाही.

“गाडी इकायची न्हाई,” ती म्हणाली. “रस्ता दिसतोय मला आता. कामाला जाते, येते. तू सवडीनं येऊन जा.”

“एकटी काय करणार आहेस तिथं?”

“ऱ्हाणार,” ती म्हणाली.

सोमवारी साडेसहाला ती आश्रमातून निघाली. घासलेल्या काचांतून पिवळा उजेड रस्त्यावर नीट पडला होता. पहिले दोन हंप वेळेवर दिसले. समोरून गाड्या येत होत्या आणि सरळ निघून जात होत्या. कुणाचे दिवे लवले नाहीत, कुणी हॉर्न वाजवला नाही. तिचं सगळं बरोबर चाललं होतं म्हणूनच कुणाला तिच्याशी काही कारण नव्हतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तिला रस्ता फार लांब वाटला.

तिसऱ्या हंपाच्या अलीकडे समोर पांढरा लोळ दिसला. तिनं नुकतेच काढून टाकले होते तसलेच कुणाचे तरी दिवे. पुढचा रस्ता, झाडं, कडेचा चर, सगळं त्यात गडप झालं. तिनं गाडी डावीकडे घेऊन थांबवली. आत कोण आहे, बाई की बुवा, एकटं की घरची माणसं बरोबर, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. अप्पासाहेब म्हणाला होता ते अगदी खरं होतं.

दिवे खाली घे, हे सांगायला तिनं एकदा डिपर दिला. लोळ तसाच पुढं येत राहिला. तिनं जरा थांबून दुसरा दिला.

समोरून लगेच उत्तर आलं. तेही दोनदा.

सगुणा डोळे किलकिले करून त्या उजेडाकडे बघत राहिली. तिनं काच खाली केली, हात बाहेर काढला आणि हलवला. गाडी तिच्या शेजारून धूळ उडवत गेली, आणि त्यानंतर बराच वेळ तिला काहीच दिसलं नाही. रस्ता पुन्हा दिसायला लागेपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि मग तिनं पहिला गिअर टाकला.